श्रीगुरुदेव सेवा मंडळ (आर्थिक विचार व कार्य)

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) प्रेरणेने उभी राहिलेली भक्ती व ग्रामसेवेची चळवळ. केंद्र : गुरुकुंज मोझरी (जि. अमरावती). यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारखे कापूसपट्ट्यातील, गोंड-कोलाम वस्तीचे तालुके ज्या विदर्भात मोडतात, तोच तिचा मुख्य प्रदेश. संध्याकाळी गावकरी ओळीने बसून सामुदायिक प्रार्थना म्हणतात. भजनाला खंजिरी असते. बुवाबाजी, व्यसन आणि लग्नातली उधळपट्टी यांवर महाराजांचा रोख असे, कारण कर्जाचे एक मूळ तिथेच होते.

महाराजांच्या ‘ग्रामगीते’त (१९५५) ‘गरीबी-श्रीमंती’ आणि ‘श्रम-संपत्ति’ असे स्वतंत्र अध्याय आहेत. धर्मग्रंथाच्या घाटात मजुराच्या श्रमाला एवढी जागा क्वचितच मिळाली असेल.

महाराजांनी विनोबा भावे यांच्या भूदान (जमीनदान) चळवळीलाही साथ दिली. तेलंगणातील पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ रोजी सुरू झालेल्या या चळवळीला यवतमाळ जिल्ह्यात कायद्याचा आधार मिळाला तो मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ मुळे. विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. मात्र मंडळ आणि भूदान या दोन्हीकडे भर राहिला तो दात्याच्या मनःपरिवर्तनावर. कापसाचा भाव, सिंचन, पतपुरवठा हे धोरणाचे प्रश्न पुढे मुख्यतः शेतकरी संघटनांनी हाती घेतले.