वृद्धांची हरवलेली झोंप

पहाटे तीनला जाग येऊन पुन्हां डोळा न लागणें ही घरोघरच्या वृद्धांची तक्रार. आणि ‘वय झालें’ हें तिचें उत्तरही घरोघरचेंच. हें उत्तर मात्र फार जुनें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निद्रानाशाचीं पांच कारणें दिलीं आहेत : कार्य, काल, विकार, प्रकृति आणि वायु. अकराव्या शतकांतील टीकाकार चक्रपाणिदत्त ‘काल’ म्हणजे वार्धक्य असा अर्थ करून सांगतो कीं, वृद्ध स्वभावतःच जागरूक असतात. लोकांनीं तेवढेंच उचललें. पण विकार हें कारण तेथें कालाहून वेगळें मोजलें आहे, आणि त्याच अध्यायांत झोंप घालविणाऱ्या गोष्टींत भय व क्रोध यांच्या शेजारीं चिंताही बसविली आहे. म्हाताऱ्याचें जागरण वयाचें कीं मनाच्या दुखण्याचें, हा प्रश्न विचारण्यास जागा होती. ती आपण बुजविली.

इंग्लंडांत रॉबर्ट बर्टन यानें 1621 सालीं विषण्णतेवर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यांत जागरण हें या रोगाचें लक्षणही आहे आणि कारणही. पुढील वैद्यांनीं त्यांतलें लक्षण तेवढें ठेविलें. उदासी गेली कीं झोंप आपोआप येईल, असें ते धरून चालले. तोंवर गुंगीचीं औषधें होतींच! 1869 सालीं क्लोरल आलें, 1903 सालीं व्हेरोनल. दोहोंचें व्यसन जडे, आणि मात्रा चुकली तर रोगी कायमचाच झोंपे.

सन 1953 मध्यें शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं झोंपेंतील डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदविल्या. स्वप्नें बहुधा याच अवस्थेंत पडतात. निरोगी प्रौढास ही अवस्था सुमारें नव्वद मिनिटांनीं येते. नैराश्याच्या पुष्कळ रोग्यांत ती फार लवकर येते, असें डेव्हिड कुपफर यांनीं 1976 सालीं मांडलें. त्याहून महत्त्वाचें काम 1989 चें. फोर्ड व कॅमेरो या अमेरिकन संशोधकांस असें आढळलें कीं, ज्यांचा निद्रानाश वर्षभर टिकला, त्यांस नव्यानें नैराश्य जडण्याचा धोका बराच अधिक होता. म्हणजे जागरण पुढें आणि उदासी मागें, असाही क्रम असतो. 2005 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें अशा निद्रानाशास ‘दुय्यम’ न म्हणतां ‘सहवर्ती’ म्हणावें, असें सुचविलें. बर्टनचें अर्धें वाक्य परत मिळावयास पावणेचारशें वर्षांहून अधिक काळ लागला.

आतां दोहोंवर एकदमच उपचार करितात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावयाची, झोंप नसतां अंथरुणांत पडून राहावयाचें नाहीं, रात्रीविषयींची धास्ती बोलून कमी करावयाची. यानें झोंप सुधारते, आणि कित्येकांची उदासीही हलकी होते. गोळ्या मात्र म्हाताऱ्यांस फार जपून देतात. त्या गुंगींत रात्रीं उठतांना तोल जाऊन मांडीचें हाड मोडतें.