खेळांच्या मक्त्याची कुळकथा

एखादा खेळ अमुक यंत्रावर मिळेल आणि तमुक यंत्रावर मिळणार नाही, ही गोष्ट आजच्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही कोणी कर्ता होता आणि तिच्यामागे करारमदार नि कज्जेदलालीचा मोठा इतिहास आहे, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही.

वस्तुतः या व्यवसायाच्या बाल्यावस्थेत असा मक्ता कोणाकडेच नव्हता. अटारी कंपनीने १९७७ साली आणलेल्या घरगुती यंत्राच्या खाचेत कोणीही बनविलेली कॅसेट बसत असे आणि चालत असे. त्यामुळे १९७९ साली तिच्याच चार प्रोग्रामरांनी, आपल्या नावाचे आणि श्रमांचे चीज होत नाही म्हणून बाहेर पडून, ॲक्टिव्हिजन नावाची स्वतंत्र संस्था थाटली आणि जुन्या धन्याच्याच यंत्रासाठी खेळ विकावयास आरंभ केला, तेव्हा अटारीने दावा लावून पाहिला खरा, परंतु १९८२ मध्ये स्वामित्वशुल्कावर तडजोड करून तिला स्वस्थ बसावे लागले. दार असे मोकळे झाल्यावर एकच झुंबड उडाली. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीलाही आपण खेळ काढावेत असे वाटले, यावरून त्या उन्मादाची कल्पना यावी. निकृष्ट मालाने दुकाने तुंबली, गिऱ्हाईक विटले, आणि १९८३ साली अमेरिकेतील हा धंदा असा कोसळला की, अटारीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत नेऊन पुरला.

क्योटोची निन्टेंडो ही १८८९ पासून पत्ते बनविणारी पेढी. अमेरिकेच्या या उद्ध्वस्त बाजारात १९८५ साली आपले यंत्र उतरविताना तिने अशी तजवीज केली की, यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कॅसेटीत तिची जोडीदार चिप असावी, यंत्र सुरू होताच दोघींनी एकाच हिशेबाने संकेतांची देवघेव करावी, आणि तो हिशेब जुळेनासा झाला की खेळ तिथल्या तिथे थांबावा. ही किल्ली निन्टेंडोखेरीज कोणाजवळ नसल्याने खेळ काढू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तिच्या परवान्याखाली येणे प्राप्त झाले. परवान्याच्या अटी कडक होत्या : कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्यात, पैसे आगाऊ भरावेत, वर्षाकाठी पाचांहून अधिक खेळ काढू नयेत, आणि काढलेला खेळ दोन वर्षेपर्यंत अन्य कोणत्याही यंत्रावर जाऊ देऊ नये. पहिल्या अटींचे समर्थन गुणवत्तेच्या नावाखाली एक वेळ करता येईल. परंतु चांगला खेळ शेजारच्या यंत्रावर गेल्याने वाईट कसा होतो, हे त्या शेवटच्या कलमाच्या कर्त्यांनाच ठाऊक. आजच्या मक्त्याचा मूळपुरुष तो हाच. (पाचांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी कोनामी कंपनीने अल्ट्रा या दुसऱ्या नावाने दुकान मांडले, कायदा आणि पळवाट ही जुळी भावंडे असतात.)

या कुलपाचा जाच खेळणाऱ्याला कसा होई, हे पाहण्यासारखे आहे. खाचेतील धातूच्या पट्ट्या वापराने सैल पडत, संकेत अडखळत, आणि अस्सल कॅसेटीलाच चोर ठरवून ती चिप दर सेकंदाला यंत्र पुन्हा सुरू करी. तांबडा दिवा लुकलुकत राही, आणि मुले कॅसेट काढून, फुंकून, पुन्हा बसवीत. जपानातील १९८३ च्या मूळ यंत्रात हे कुलूप नव्हतेच. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघर आलेली नकली यंत्रे त्याच मूळ यंत्रावर बेतलेली असल्यामुळे, ‘९९९९ इन १’ असे बेधडक छापलेली कॅसेट (तीत मोजके खेळच पुन्हापुन्हा येत, हा भाग वेगळा) आपल्या मुलांना बिनतक्रार चालविता आली. कॅसेट फुंकण्याचा प्रघात मात्र इकडेही होताच.

अटारीच्या टेंजेन शाखेने हे कुलूप फोडण्यासाठी, दाव्याच्या कामी लागतो अशी बतावणी करून, चिपच्या प्रोग्रामची नक्कल अमेरिकेच्या सरकारी कॉपीराइट दप्तरातून मिळविली. १९९२ साली अपील न्यायालयाचा कौल अर्थातच तिच्या विरुद्ध गेला. दरम्यान सरकारी चौकशांचा ससेमिरा मागे लागल्यावर निन्टेंडोने १९९० च्या सुमारास दोन वर्षांचे कलम सोडून दिले. १९९१ मध्ये किमतींविषयीच्या तक्रारीत तडजोड झाली, तीत ग्राहकांना पाच डॉलरची कूपने मिळाली, आणि ती वापरायची कशावर, तर निन्टेंडोच्याच खेळांवर!

कलम गेले, तरी वहिवाट उरली. कधी तिला तांत्रिक कारण असे. स्क्वेअर कंपनीने १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ सोनीच्या प्लेस्टेशनवर नेला, कारण तीन सीडी व्यापणारा तो खेळ निन्टेंडोच्या कॅसेटीत मावण्याजोगा नव्हता. परंतु ‘हेलो’चे उदाहरण पाहा. १९९९ साली स्टीव्ह जॉब्झ यांनी स्वतः व्यासपीठावरून मॅकवाल्यांना दाखविलेला हा खेळ. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्याचे कर्ते बंजी विकत घेतले, २००१ मध्ये तो एक्सबॉक्सचे भूषण म्हणून निघाला, आणि मॅकवर पोहोचेपर्यंत २००३ चा डिसेंबर उजाडला. आता अटी घालण्याची गरजच राहिली नव्हती; खजिना मोठा असला की कर्ताच विकत घेता येतो.

त्यानंतरचे पाऊल मला अधिक गंभीर वाटते, कारण त्यात बंधन खेळावरून खेळणाऱ्याच्या खात्यावर सरकले. जून २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’ हा खेळ निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर आला, तेव्हा ज्यांनी आपले खाते पूर्वी एकदा प्लेस्टेशनला जोडले होते, त्यांना त्या खात्याने स्विचवर प्रवेशच मिळेना. पैसे मोजून घेतलेले पोशाख आणि महिनोन्महिन्यांची कमाई तिकडेच ठेवून नव्या खात्याने आरंभ करावा लागे. बोभाटा इतका झाला की सप्टेंबरात सोनीने ही आडकाठी काढली, आणि आपण प्रयोगादाखल परवानगी देत आहोत, असे जाहीर केले.