निळ्या गोळ्या

लहान वयात पोहणारे हेरून पट्टीचे खेळाडू घडवायचा पूर्व जर्मनीने कारखानाच काढला होता. शाळाशाळांतून मुलांची मापे घ्यायची, निवडलेल्यांना सरकारी क्रीडाशाळेत घालायचे. (मापांत मला गैर वाटत नाही, आम्हीही वर्गात उंची-वजन नोंदवायचो!) कोर्नेलिया एंडरने १९७२ साली म्युनिकला ३ रौप्यपदके मिळवली तेव्हा ती १३ वर्षांची होती. १९७६ ला माँट्रियलमध्ये त्यांच्या मुलींनी १३ पैकी ११ सुवर्णपदके नेली. पण खेळाडू मुलींना निळ्या गोळ्याही मिळत, जीवनसत्त्वे म्हणून. प्रत्यक्षात ती पुरुषी संप्रेरकाच्या जातीची औषधे. अनेकींचे आवाज घोगरे झाले, पुढे दुखणी जडली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरवले. शिक्षा २२ महिने, तीही निलंबित. तोवर त्या मुली चाळिशीला टेकल्या होत्या.