विम्याची सक्ती आणि दुकानातील कामाचे तास

अमेरिकेत नोकराच्या आजारपणाचा खर्च बव्हंशी मालकाने उतरविलेल्या विम्यातून भागविला जातो. १९४२ साली वेतनवाढीवर सरकारी नियंत्रण आले, परंतु विम्याची सवलत त्यातून वगळण्यात आली. त्यामुळे ही प्रथा दृढ झाली. तथापि ती मालकाच्या इच्छेवरच अवलंबून होती. तिला कायद्याची सक्ती प्रथम जोडली ती हवाई राज्याने, १९७४ साली. आठवड्यास किमान २० तास काम करणाऱ्या नोकराचा विमा मालकाने उतरवावा आणि नोकराकडून त्याच्या वेतनाच्या दीड टक्क्याहून अधिक वर्गणी घेऊ नये, असे ह्या कायद्याने ठरविले.

त्याच वर्षीच्या एका संघीय कायद्यामुळे राज्यांचा असा अधिकार संपुष्टात आला. हवाईचा कायदा न्यायालयात टिकला नाही. १९८३ साली अमेरिकन काँग्रेसने खास अपवाद करून तो वाचविला. मेरीलँड राज्यास हा अपवाद लाभला नाही. १०,००० वा अधिक नोकर असलेल्या व्यापारी संस्थांनी वेतनखर्चाच्या आठ टक्के रक्कम नोकरांच्या आरोग्यावर खर्च करावी, अन्यथा उरलेली रक्कम राज्यास द्यावी, असा कायदा तेथे २००६ साली झाला. त्याचा रोख वॉलमार्ट ह्या दुकानसाखळीवर होता. किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले आणि २००७ साली अपील न्यायालयानेही तो रद्दच ठरविला.

पुढे २०१० च्या संघीय कायद्याने ५० वा अधिक पूर्णवेळ नोकरांच्या मालकांवर ही जबाबदारी टाकली. तिचा अंमल २०१५ पासून टप्प्याटप्प्याने झाला. येथे ‘पूर्णवेळ’ म्हणजे आठवड्यास सरासरी ३० तास. हवाईत २०, येथे ३०: नोकर कोणास म्हणावे, हे अशा रीतीने घड्याळावर ठरले.

दुकानदारीस हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. गिऱ्हाइकांची गर्दी सायंकाळी व सुटीच्या दिवशी होते. म्हणून एका माणसाचे काम दोघांत वाटणे कारखान्यापेक्षा दुकानात सोपे जाते. हवाईविषयीच्या संशोधनात एकूण रोजगार वा वेतन निश्चितपणे घटल्याचे आढळले नाही. परंतु २० तासांहून कमी काम करणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. सक्तीने दुकाने बंद पाडली नाहीत, हा तिच्या विरोधकांना मिळालेला जबाब होय. मात्र १९ तास राबणारा विक्रेता विम्याबाहेरच राहिला, ही तिच्या समर्थकांनी विचारात घ्यावयाची गोष्ट आहे. कायद्यातील व्याख्या जेथे संपते, तेथेच त्याचे संरक्षणही संपते.