शिडाच्या जहाजाची प्रतिकृती
शिडाच्या जहाजाची प्रतिकृती : मूळ जहाजाची सर्व मापे एकाच प्रमाणात लहान करून बांधलेला नमुना. १:४८ प्रमाणात ४८ फुटी गलबत एका फुटात उतरते. महाराष्ट्रात मराठा आरमारातील गुराब व गलबत हे या कलेचे स्वाभाविक विषय होत. इतिहासकार रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनानुसार तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे.

बांधणी : प्रथम तळाचा कणा ठेवून त्यावर आडव्या छेदाच्या चौकटी बसवतात. लाकडी पट्ट्या भिजवून, उष्णता देऊन वाकवतात आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने चिकटवतात; एकच बाजू आधी भरली तर कणा पिळतो. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, पट्ट्या निमुळत्या तासाव्या लागतात.

दोरकाम : डोलकाठ्या ताणून धरणारे दोर स्थिर व जाड असतात; डांबर लावलेले म्हणून ते काळपट दाखवतात. शिडे फिरवणारे दोर बारीक व फिकट असतात. दोऱ्यावर मेण फिरवल्यास तंतू बसतात. स्थिर दोर आधी, डोलकाठीच्या दोन्ही अंगांना जोडीने ताणतात. अन्यथा काठी एका बाजूला झुकते.