ग्रंथशुद्धी आणि चित्तशुद्धी

भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. ही तिथी ग्रंथ प्रथम लिहून झाला त्या दिवसाची नव्हे. माउलींनी नेवाशात गीतेवरील टीका सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली. जयंतीची तिथी आहे ती पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ग्रंथाचे शुद्धीकरण पूर्ण केले त्या दिवसाची.

मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत पोथीवरून पोथी उतरवली गेली होती आणि पाठभेद वाढले होते. नाथांनी ते निवडून मूळ पाठ स्थिर केला. अकरा वर्षांपूर्वीच, शके १४९५ मध्ये, काशीत त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण केली होती. तिच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक. असे सामर्थ्य हाती असताना त्यांनी माउलींच्या ओव्यांत स्वतःची ओवी मिसळली नाही. ग्रंथाच्या शेवटी मोजक्या ओव्यांत शुद्धीकरणाची हकिगत तेवढी नोंदवली, आणि पुढे कोणीही आपली ओवी यात घालू नये अशी ताकीद दिली.

त्याच ठिकाणी नाथ सांगतात की ग्रंथ मुळातच शुद्ध होता, अशुद्धी आली ती पाठांतरांमुळे. साधकाने हे शब्द मनात धरावेत. आत्म्याविषयी संतांचा सिद्धांत हाच आहे. तो नित्यशुद्ध आहे, मळ बसतो तो चित्तावर. म्हणून साधना म्हणजे नवे काही मिळवणे नव्हे. उपरे भरलेले दूर करणे होय.

आज छापील प्रतीत कोणी ओवी घुसडत नाही. पण वाचताना आपण मनातल्या मनात भर घालतोच. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात, त्यांत पहिलेच अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे. ते वाचून ‘माझी इतकी पारायणे झाली’ असे चारचौघांत सांगावेसे वाटले, तर ती आपल्या पदरची ओवी झाली. पुढे माउली अज्ञानाची लक्षणेही विस्ताराने सांगतात. ती ऐकताना शेजारचा माणूस आठवला, तर तोही पाठभेदच. तिथे स्वतःकडे पाहायचे असते.

म्हणून पारायणाच्या सप्ताहात रोज एखादी ओवी निवडावी. ती आपल्याला टोचणारी असावी. दिवसभर घरात, शेतात, कचेरीत बोलताना ती आठवावी, आणि रात्री पाहावे की आपण तिच्याप्रमाणे वागलो, की तिचा अर्थ आपल्या सोयीने वाकवला. नाथांनी पोथीच्या बाबतीत जो काटेकोरपणा पाळला, तो आपण आपल्या मनाच्या बाबतीत पाळू लागलो, तर यंदाची जयंती खऱ्या अर्थाने घडली म्हणायची.

रामकृष्णहरी.