शाईचा गुलाम

तू दहा वर्षांचा आहेस. तारीख १८ एप्रिल २०००, वार मंगळवार. पालममध्ये दुपारचे चार वाजत आलेत. शाळा सकाळची, ती कधीच सुटली. लाईट नाही. घरात पत्रे तापलेत म्हणून लिंबाखाली पोतं अंथरलंय आणि त्यावर चौघं बसलात. जांभूळबेटाच्या अंगानं वारं येतंय, पण झळा घेऊनच. कॅट इतका जुना की पिसताना पत्ते घामानं एकमेकांना चिकटतात.

"आरं, इस्पिकचा गुल्लाम कुठं गेला?"

"उंदरानं खाल्ला, आबा."

"मंग आण जोकर."

आबा जोकरवर शाईनं 'गु' लिहितात, शेजारी इस्पिकचं पान काढतात. झाला गुलाम. मेंढीकोट मांडायचाय, आबा तुझे भिडू. पण त्यांची शाई वाळेपर्यंत तुला एक फेरी मारून यायचीय. घड्याळाचे काटे साडेतीन तास पुढे ढकल.

टोकियोत आता अंधार पडलाय. आज संध्याकाळी टीव्ही टोकियोवर 'यू-गी-ओ! ड्युएल मॉन्स्टर्स' या कार्टूनचा पहिला भाग आहे. तू सरळ पडद्याच्या आत शिर.

खेळांचं छोटंसं दुकान. गल्ल्यामागे नायकाचे, म्हणजे युगीचे, आजोबा. त्यांचं नाव सुगोरोकु, म्हणजे फाशांचा एक जुना जपानी खेळ. आपल्याकडे आजोबांचं नाव सारीपाट ठेवण्यासारखंच. त्यांच्याजवळ निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या ड्रॅगनचा पत्ता आहे. जगात असे चारच. कायबा नावाचा पोरगा, शाळेत जातो आणि कंपनीही चालवतो, तो पेटीभर पत्ते समोर ठेवतो: हे घ्या, तो द्या. आजोबा नाही म्हणतात. पत्ता जिवलग मित्रानं दिलेला आहे.

मग कायबा आजोबांना डावाला ओढतो, हरवतो, पत्ता जिंकतो. आणि टर्रकन फाडतो! बाकीचे तीन त्याच्याकडेच आहेत. चौथा उद्या आपल्यावर उलटायला नको, एवढंच कारण. तुझा हात नकळत खिशाकडे जातो, कारण तुझ्याही खिशात पैलवानांचे ट्रम्प कार्ड आहेत. इथं जोकर आणून भागणार नाही.

(पत्त्यांचा हा खेळ आधी कागदावर जन्मला. काझुकी ताकाहाशी यांनी १९९६ साली 'शोनेन जंप' साप्ताहिकात चित्रकथा सुरू केली, तेव्हा पत्ते हा त्यातल्या अनेक खेळांपैकी एक होता. वाचकांना त्याचीच चटक लागली. १९९९ मध्ये कोनामीनं खरे पत्ते बाजारात आणले. म्हणजे गोष्टीतून खेळ बाहेर पडला आणि आता तोच गोष्ट घेऊन पडद्यावर आलाय.)

युगी आजोबांचाच कॅट घेऊन कायबासमोर उभा राहतो. दोघांना दोन-दोन हजार गुण. समोर एक ड्रॅगन, मग दुसरा, मग तिसरा. युगी प्रकाशाच्या तलवारींचा पत्ता टाकून त्यांना तीन पाळ्या रोखतो. हातात मात्र एक्झोडिया नावाच्या राक्षसाचे नुसते तुकडे येत राहतात. त्याचे पाच पत्ते: डोकं, दोन हात, दोन पाय. पाचही एका हातात जमले की डाव तिथंच खलास. तुला हे कुणी समजावून सांगायला नको. चारही दश्श्या गोळा केल्या की कोट, हे तू बोलायला लागलास तेव्हापासून जाणतोस.

युगीचा हात शेवटच्या पत्त्यावर थरथरतो. तो उचलतो. कोट!

सगळ्यात मोठा हुकूम पहिल्याच भागात टाकून मोकळं व्हायला छाती लागते. पुढच्या कितीतरी लांबलचक डावांत मला ती दिसली नाही.

चल, काटे मागे घे. शाई वाळलीय, आबांनी पानं वाटलीत. हुकूम इस्पिक ठरलाय आणि तो जोकर तुझ्याच हातात आलाय. आबांकडे बघून हसू नकोस. खाणाखुणा चालत नाहीत.